फोटोकामासाठी संगणक : पैसा कोठे घालावा, हात कोठे आखडावा

सभासद बंधू-भगिनींनो,

उसाचे बिल खात्यावर जमा होऊ लागले की गट कार्यालयात खरेदीची बोलणी सुरू होतात. ठिबकचा संच, पाइपलाइन, मोटार यांच्याबरोबर अलीकडे आणखी एक विचारणा होते. "साहेब, पोरगं लग्नाचे फोटो काढतंय. आता म्हणतंय, घरीच अल्बम करायचा, कॉम्प्युटर पाहिजे. दुकानदार एक सांगतो, पोराचे दोस्त दुसरंच सांगतात. किती घालवावेत?" काही घरी हेच लेकीबाबत चालले आहे आणि ते चांगलेच आहे. शेतीला जोडधंदा हवा, असे आपण सारेच म्हणतो. परंतु वर्षभर राबून आलेल्या बिलातला मोठा भाग एका खोक्यात घालावयाचा, तर त्या खोक्यात काय आहे हे घरातील कर्त्या माणसाला कळले पाहिजे. म्हणून या अंकात उसाऐवजी संगणकाचा पाठ घेत आहोत.

मूळ तत्त्व आपल्या ओळखीचे आहे. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात न्यूनतम घटकाचा नियम प्रसिद्धीस आणला. पिकाला जो अन्नघटक सर्वांत कमी पडतो, त्यावर उत्पन्न अडते. पालाश कमी असेल तर नत्राची पोती ओतून ऊस वाढत नाही. संगणकाचेही असेच आहे. एकच भाग भारी घेतला आणि बाकीचे कमी पडले, तर भारी भागाचे पैसे वाया जातात.

(१) आधी घरात आहे तो तपासा

घरात जुना संगणक असेल आणि तो रडतखडत चालत असेल, तर लगेच नवा घेऊ नका. नेहमीचे काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' या पानावर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती वापरात आहेत ते दिसते. मेमरी काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम कमी पडते आहे. डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल तर जुनी हार्ड डिस्क अडवते आहे. तेथे एसएसडी बसवावी. फोटो सुधारताना प्रोसेसरच सतत १०० टक्क्यांवर राहत असेल, तर मात्र नव्याचा विचार करा. मातीपरीक्षण केल्याशिवाय खत टाकू नये, तसेच हे आहे. पुष्कळदा एवढ्या दुरुस्तीवर संगणक आणखी दोन-तीन वर्षे काढतो.

(२) काम कोणते, ते ठरवा

पासपोर्ट फोटो, ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्स एवढेच करावयाचे असेल तर ८ जीबी रॅमचा साधा संगणक पुरतो. लग्नाचा अल्बम हे काम जड आहे. का, ते आकड्यांत पाहा. आपल्याकडे अल्बमचे उघडलेले पान बहुधा १२ × ३६ इंचाचे असते. छपाईसाठी दर इंचाला ३०० ठिपके धरले, तर ३,६०० × १०,८०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा व निळा मिळून ३ बाइट लागतात. म्हणजे कोरे पानच रॅममध्ये सुमारे ११७ एमबी जागा धरते. त्यावर नवरा-नवरी, मागचे चित्र, सावली, नावे असे दहा-बारा थर चढले की एक जीबी सहज ओलांडते. विंडोज आणि ब्राउझर यांचे जेवण वेगळेच.

व्हिडिओ जोडण्याचे काम याहून जड असते. ते पुढे करावयाचे असेल तर आज महाग कार्ड घेऊ नका. पुढे बसवता येईल एवढी जागा आणि पुरेसा एसएमपीएस मात्र ठेवा.

(३) खर्चाचा क्रम

पहिला मान पडद्याला द्या. खरेदीत सर्वांत जास्त दुर्लक्ष मॉनिटरकडे होते. हळद किती पिवळी, शालू किती लाल, नवरीचा रंग कसा, हे सारे पोरगं पडद्यावर पाहूनच ठरवणार. पडदाच खोटे बोलत असेल तर चुकीचा रंग दुरुस्त होतो आणि बरोबर असलेला बिघडतो. २४ इंची, आयपीएस जातीचा, १९२० × १०८० ठिपक्यांचा आणि एसआरजीबी रंगपट्टा ९९ टक्क्यांच्या आसपास दाखवणारा मॉनिटर पाहा. टीएन जातीच्या पडद्यावर मान जरा हलवली तरी रंग बदलतो. तो या कामाला नको. खेळासाठीचे १४४ हर्ट्झचे मॉनिटर महाग असतात, पण स्थिर फोटोला त्या वेगाचा उपयोग नाही.

घरी आणल्यावर पडद्याचा उजेड कमी करा. दुकानात तो डोळे दिपवील एवढा ठेवलेला असतो. त्या उजेडात फोटो ठीक दिसला म्हणून छापायला दिला की तो काळपट येतो. एकच फोटो लॅबमधून छापून आणावा, पडद्याशेजारी चांगल्या उजेडात धरावा आणि दोन्ही जुळेपर्यंत उजेड खाली आणावा. खिडकीचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये.

दुसरा मान रॅमला. अल्बमसाठी १६ जीबी घ्यावी. एकच १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या घेतल्यास वेगळे कार्ड नसलेल्या संगणकाला लाभ होतो. मदरबोर्डवर चार खाचा असतील तर पुढे वाढवता येते. दोनच असतील तर आधी विचार करा.

तिसरा मान साठवणीला. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क सेकंदाला १०० ते २०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० च्या आसपास, आणि एनव्हीएमई एसएसडी हजारांच्या घरात. म्हणून विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू काम यांसाठी ५०० जीबीची एसएसडी हवीच. जुन्या कामासाठी स्वस्त हार्ड डिस्क चालते. किती मोठी? २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. एका लग्नाच्या २,००० फाइली ३० एमबीने धरल्या तर ६० जीबी झाल्या. वर्षाला २० लग्ने केली तर १,२०० जीबी. म्हणजे २ टीबीची डिस्क दीड वर्षात भरते, हे आधीच समजून असावे.

चौथा प्रोसेसर. सहा कोअरचा मध्यम प्रोसेसर पुरतो. इंटेलचा आय-५ १२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी ही त्याची उदाहरणे. येथे एक खाच आहे. इंटेलच्या नावापुढे 'एफ' अक्षर असेल तर त्यात चित्र दाखविण्याची सोय नसते आणि वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावेच लागते. रायझनच्या ५००० मालिकेत 'जी' असेल तर सोय आहे. नुसता ५६०० असेल तर नाही. एका अक्षराने हजारोंचा फरक पडतो, म्हणून दरपत्रकावर पूर्ण नाव लिहून घ्या.

ग्राफिक कार्ड शेवटी. साध्या रंगदुरुस्तीला व अल्बमला ते लागतेच असे नाही. लाइटरूममध्ये २०२३ साली आलेल्या डीनॉइझसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी कार्डावर वेगाने चालतात हे खरे. पण धंदा जमल्यावर ते बसवता येते. काचेचे कॅबिनेट आणि रंगीत दिवे फोटोत उतरत नाहीत. त्यांचे पैसे पडद्यात घाला.

(४) जुना घ्यावयाचा झाल्यास

खोडव्याचे बेणे आपण लावत नाही. बेणेमळ्यातले, ठरल्या वयाचे, निरोगी बेणे निवडतो. जुन्या संगणकाचेही वय पाहावे. दुकानदार सांगतो, "तात्या, आय-सेव्हन आहे, बिनधास्त न्या." आय-७ हे झाले घराण्याचे नाव, पिढी पुढच्या आकड्यात असते. आय-७ २६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. २०२२ साली आलेला बाराव्या पिढीचा आय-३ १२१०० त्याच्या कितीतरी पुढे आहे.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालण्यास इंटेलची साधारणपणे आठवी पिढी किंवा पुढची, अथवा रायझनची २००० मालिका किंवा पुढची, शिवाय टीपीएम २.० लागते. यापेक्षा जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी विंडोजवरच्या धंद्यासाठी घेऊ नये. मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले आठव्या पिढीचे आय-५ मिळतात; त्यांत नवी एसएसडी व १६ जीबी रॅम घातली तर कमी भांडवलात सुरुवात होते. मात्र अगदी लहान कॅबिनेटात पुढे मोठे कार्ड बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

(५) सॉफ्टवेअरचा खर्च धरा

अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर द्यावयास सुरुवात केली. ती वर्गणी वर्षाची किती होते, ते हिशोबात धरा. "फुकट टाकून देतो" म्हणणारे पुष्कळ भेटतील. अशा चोरीच्या प्रतीतून विषाणू येतो आणि लोकांच्या लग्नाच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागतो. त्यापेक्षा गिंप, डार्कटेबल ही कायदेशीर मोफत सॉफ्टवेअरे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अॅफिनिटीही मोफत करण्यात आले. पोराने सहा महिने यांवर हात बसवावा, काम वाढले तर वर्गणी भरावी.

(६) वीज, राख आणि राखण

आपल्या भागात शेतीपंप सुरू झाले की दाब पडतो आणि मध्येच वीज जाते. साध्या संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस काही मिनिटे मिळवून देतो. त्याचा उपयोग काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता. लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये. घराचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. हंगामात चिमणीची राख आणि ऊसवाहतुकीची धूळ घरात येते. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. हंगामाच्या आधी व नंतर बंद करून, वायर काढून, हवा मारून साफ करावे.

सर्वांत महत्त्वाचे राहिले. संगणक बिघडला तर दुसरा मिळतो. कोणाच्या लेकीच्या लग्नाचे फोटो गेले तर ते लग्न पुन्हा लागत नाही. गावात एकदा असे झाले की धंद्याचे नाव गेले. छायाचित्रकारांमध्ये तीन-दोन-एक असा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, तिसरी मळ्यातल्या वस्तीवर किंवा पाहुण्यांकडे. दोन प्रती झाल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. बाहेरची डिस्क ही चैन नव्हे. पहिल्याच खरेदीत ती धरा. त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खाली आला तरी चालेल.

(७) खरेदीची रीत

कारखान्याची स्टोअर खरेदी दरपत्रके मागवून होते. घरची खरेदीही तशीच करा. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅम व एसएसडीच्या किमती जगभर चढल्या. म्हणून गेल्या वर्षी भावकीत कोणी कितीला घेतला, हा हिशोब धरू नका. एकाच कागदावर वस्तू लिहून त्याच दिवशी तीन दुकानांतून लेखी दर घ्या : मॉनिटरचे पूर्ण नाव, प्रोसेसरचे पूर्ण नाव, रॅम किती पट्ट्यांत, एसएसडीची कंपनी, एसएमपीएसची कंपनी व वॅट, यूपीएस, बाहेरची डिस्क, प्रत्येकाची वॉरंटी. जीएसटीसह पक्की पावती घ्या. वॉरंटीच्या वेळी तीच कामाला येते.

हप्त्याने घेताना बेरीज करा. उदाहरणार्थ, रोखीने ५०,००० रुपयांची वस्तू ४,७०० च्या १२ हप्त्यांनी घेतली, तर ५६,४०० रुपये जातात. वरच्या ६,४०० रुपयांसाठी किती पासपोर्ट फोटो काढावे लागतील, ते पोरालाच मोजू द्या.

पैसे देण्यापूर्वी पोराला किंवा पोरीला स्वतःचे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात बसवा. अल्बमचे एक पान तेथेच करून पाहू द्या आणि टास्क मॅनेजर उघडा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांपैकी काय अडते ते तेथेच दिसेल.

सारांश : पडदा खरा, रॅम पुरेशी, चालू कामाला एसएसडी, जुन्या कामाच्या दोन जादा प्रती, विजेची सोय आणि मध्यम प्रोसेसर. एवढे जमले की सुरुवातीला पुरे. उरलेला पैसा खोडव्याच्या खताला ठेवा. जोडधंदा उभा राहीपर्यंत घर उसावरच चालावयाचे आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी