चोर पकडला, पुढे काय?

आमच्या गल्लीत शेजारच्या काकांच्या घराचा मागचा दरवाजा रात्री उचकटून चोर आत शिरला. त्याच्या हातात कटावणी होती आणि घरात काका-काकू दोघंच. काकांनी काठीने त्याच्या हातावर फटका मारला, कटावणी खाली पडली, काकूंची हाक ऐकून सगळे धावले आणि त्याला धरलं. इथवर काकांना दोष द्यायला कुणालाही जागा नव्हती.

पुढे पोरांनी त्याला विजेच्या खांबाला बांधलं आणि दांडक्यांनी झोडपलं. ‘पोलिसांना येऊ द्या’ असं आम्ही बायका ओरडून सांगत होतो, पण कुणी ऐकलं नाही. चोराचा पाय मोडला. त्याच्यावर घरफोडीचा गुन्हा दाखल झाला आणि पोरांवर मारहाणीचा. त्यातला एक जण पोलीस भरतीची तयारी करत होता. चारित्र्य पडताळणीत हाच गुन्हा त्याला आडवा आला. ‘चोराला मारलं, त्यात गुन्हा कसला?’ असं त्याची आई अजून विचारते. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराला माहीत असायला हवं.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरता येतं. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरलेल्याला रोखताना गरजेपोटी त्याचा जीव गेला, तरी कायदा संरक्षण देऊ शकतो. जिवावर बेतलेलं असताना माणसाने वार तोलून-मापून करावा, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयही ठेवत नाही. २०१०च्या दर्शन सिंग खटल्यात ते स्पष्ट झालं आहे.

पण हा हक्क धोका असेपर्यंतच. बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तीच घ्यायची. हातपाय बांधलेल्या किंवा माल टाकून पळत सुटलेल्या माणसावर केलेला वार बचावाचा नसतो. तो सूड असतो.

कुंपणात विजेचा प्रवाह सोडणाऱ्यांनीही सावध व्हावं. बिहारमध्ये एकाने आपल्या शौचालयाच्या वाटेत उघडी जिवंत तार लावली आणि शेजारची बाई दगावली. १९६३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. परवानगीशिवाय आत आलेल्या माणसाच्या जिवालाही किंमत असते.

आणि धरलेला माणूस खरंच चोर आहे का, हे जमावाला कळत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. एप्रिल २०२०मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. आठही जण निरपराध होते.

म्हणून चोराची चाहूल लागली की आधी घरातल्यांना एका खोलीत घेऊन आतून कडी लावा, दिवे लावा, आरडाओरडा करा आणि ११२ला फोन करा. अंगावर आला तर जरूर प्रतिकार करा. डोळ्यांदेखत घरफोडी करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो. मात्र विनाकारण वेळ न घालवता आणि उशिरात उशिरा सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. तोवर त्याला बसवून ठेवा, पाणी द्या, जखम असेल तर पोलिसांना लगेच सांगा. कटावणी, तुटलेली कडी यांना हात लावू नका. जबाबात जे घडलं तेच सांगा; आपण मारलेला फटकाही लपवू नका.

गल्लीत गस्त सुरू करणार असाल, तर फोन कुणी करायचा आणि चोरावर नजर कुणी ठेवायची हे आधीच ठरवा. मारहाण थांबवण्याची जबाबदारीही एकाकडे द्या, आणि ती अशाच माणसाकडे द्या, ज्याचा शब्द गल्लीतली पोरं रागाच्या भरातही मोडणार नाहीत.