नाक, छाती आणि माझा पंप

‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण मराठीच्या तासाला निघाली तेव्हा सारा वर्ग हसला. मला मात्र माझेच नाक आठवले. माझे बालपण चोंदलेल्या नाकाने, तोंड उघडे टाकून झोपण्यात गेले. सकाळी शिंकांची माळ. दिवाळीपूर्वी माळा झाडला की रात्री छातीत घरघर. घरी शिंकांना ‘सर्दी’ म्हणत आणि घरघरीला ‘दमा’. सर्दीला वाफारा, दम्याला निळा पंप. तोही लपवून, कारण ‘पंपाची सवय लागते’ असे आजी म्हणे.

ही दोन्ही दुखणी एकाच घरची आहेत, हे मला फार उशिरा कळले. नाक हवा गाळते, कोमट व ओलसर करते. ते बंद पडले की कोरडी, धुळकट हवा तोंडावाटे थेट छातीत उतरते. शिवाय गादी-उशांतील धुळीचे सूक्ष्म कीटक नाकाच्या अस्तराला सूज आणतात, तशीच श्वासनलिकांनाही. दम्याच्या बहुसंख्य रोग्यांना नाकाचाही त्रास असतो. म्हणूनच 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने निघालेल्या ‘आरिया’ अहवालाने नाक व छाती दोन्ही तपासण्याचा आग्रह धरला.

डॉक्टरांनी मला नाकासाठी स्टिरॉइडचा फवारा आणि छातीसाठी स्टिरॉइडचा पंप रोज घ्यायला सांगितले. एक दुसऱ्याची जागा घेत नाही. ‘स्टिरॉइड’ शब्दाने आम्ही दचकलो. पण मात्रा मायक्रोग्रॅमची, आणि औषध सूज असेल तिथेच पोचते. निळ्या पंपाने नळ्या तात्पुरत्या सैल होतात, सूज राहतेच. 2019 पासून ‘जिना’ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मोठ्यांना व किशोरांना केवळ त्यावर विसंबू देत नाही. नाक मोकळे करणारे थेंब मी महिनोन्महिने घातले होते. ते काही दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट अधिक चोंदते!

खरी गंमत फवाऱ्याच्या रीतीत आहे. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, आणि जोराने ओढायचे नाही. मी पंधरा दिवस औषध घशात ओढून ‘गुण नाही’ म्हणत होते. पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

यंदा माळा धाकट्या भावाने झाडला. पंप आता माझ्या पिशवीत वरच असतो; आजीच विचारते, ‘घेतलास का गं?’