भाड्याचे घर आणि आपण

'भाड्याचे घर, त्याची कसली निगा!' असा उद्गार पुष्कळदा कानी पडतो. इंदूरच्या सराफ्यात, खाली पेढ्या नि वर बिऱ्हाडे अशा एका जुन्या घराच्या माडीवर राहत असता आम्हीही तेच म्हणत असू. एका पावसाळ्यात छप्पर गळून पुस्तकांची पेटी भिजली, तेव्हा आमचे डोळे उघडले. बालपणी कोकणात पावसाआधी घर शाकारताना पाहिलेले आम्ही. परंतु येथे फुटके कौल दिसूनही मालकांस कळविले नव्हते!

मग आम्ही कायदा वाचला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे १०८ वे कलम सांगते की, निराळा करार वा स्थानिक रूढी नसेल तर घर मिळाले त्या स्थितीत राखणे हे भाडेकरूचे कर्तव्य होय. वापराने होणारी स्वाभाविक झीज क्षम्य. मालकाच्या संमतीवाचून कायमचे बांधकाम करू नये. मात्र मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना देऊनही वाजवी मुदतीत न झाल्यास, भाडेकरूस ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. यास्तव सूचना लेखी द्यावी. तिची प्रत व खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

पन्हळीतील पाला काढणे, तुळईस वाळवी लागताच मालकांस दाखविणे, यांस द्रव्य थोडे, लक्ष अधिक लागते. ते घर सोडताना आम्ही भिंतींतील खिळ्यांची भोके स्वतः बुजविली. विद्यार्थिमित्रहो, आपल्यामागून येणाऱ्या बिऱ्हाडासाठी घर नीट ठेवणे, हाही नागरिकशास्त्राचा एक धडाच आहे.