लिनक्सवर तर चालतंय!

"लिनक्सवर दोन वर्षं चालतंय, म्हणजे घोळ ओपनबीएसडीचाच," असं मी टीममध्ये छातीठोकपणे सांगितलं. आमचा प्रॉक्सी सर्व्हर तिथे पहिल्याच क्लायंटने कनेक्शन तोडलं की कोसळत होता. तीन दिवस मी सॉकेटचे ऑप्शन आणि कंपायलरचं व्हर्जन उकरत बसलो. उत्तर मात्र पहिल्या दिवसापासून जीडीबीत समोर होतं. पुढच्या कनेक्शनच्या पॉइंटरमध्ये 'डीएफ डीएफ डीएफ' अशी आठ बाइटची माळ.

चौथ्या दिवशी मॅन्युअल वाचून मॅलॉकचा एक ऑप्शन बदलला आणि सर्व्हर चालू लागला. मी खूश. सीनियरने एवढंच विचारलं, "का सुटलं रे?" उत्तर नव्हतं.

फ्री केलेली मेमरी ओपनबीएसडीचा मॅलॉक मुद्दाम डीएफ या बाइटने भरून टाकतो. मी ती भराईच बंद केली होती! आमच्या लूपमध्ये बंद झालेलं कनेक्शन आधी फ्री व्हायचं आणि मग त्याच मेलेल्या स्ट्रक्चरमधून 'नेक्स्ट' वाचला जायचा. लिनक्सच्या जीलिबसीत २.२६ पासून टीकॅश आहे. फ्री झालेल्या लहान तुकड्याचे पहिले १६ बाइट तो आपल्या नोंदींसाठी घेतो, बाकीचं जसंच्या तसं पडून असतं. आमचा 'नेक्स्ट' ४०व्या बाइटवर. म्हणून वाचलो.

तसे पूर्ण वाचलोही नव्हतो. लिनक्सवरही दोन-तीन महिन्यांतून एकदा सर्व्हर मरायचा आणि आम्ही रीस्टार्ट मारून मोकळे व्हायचो. फ्री करणं आणि 'नेक्स्ट' वाचणं यांच्या मधे लॉगची एक ओळ होती. एखाद्या क्लायंटच्या लांब होस्टनेममुळे तिचा बफर नेमका त्याच मापाचा झाला, की टीकॅश नुकताच सुटलेला तुकडा लॉगच्या हातात द्यायचा. पॉइंटरच्या जागी होस्टनेमची अक्षरं!

तेव्हा पोर्टिंगला बसण्याआधी जुन्याच मशीनवर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावून बिल्ड करा, आणि शेकडो कनेक्शनं जोडून-तोडून बघा. कुठल्या ओळीने फ्री केलं, कुठल्या ओळीने नंतर वाचलं, दोन्ही तो दाखवतो. मला दहा मिनिटं लागली. ओपनबीएसडीची भराई कमी करू नका, वाढवा. फ्रीबीएसडीचा जेमॅलॉक किंवा अल्पाइनमधला मसल यांची तुकडे पाडायची रीत आणखी वेगळी, त्यामुळे एका ठिकाणी पास झालं म्हणून दुसरीकडची टेस्ट टाळू नका.

दुरुस्ती दोन ओळींची होती: फ्री करण्याआधी 'नेक्स्ट' बाजूला काढून ठेवला. लिनक्सवरचे ते अधूनमधूनचे रीस्टार्टही त्यानंतर लागले नाहीत.