पाणकणसाच्या मुळाशी साचणारे धातू

नाशिक शहर ओलांडून गोदावरी निफाड तालुक्यात येते. तेथे कादवेच्या संगमाजवळ नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. कालव्यांना पाणी देण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या बंधाऱ्यामागे पुराचा गाळ साठत गेला, उथळ पाणी पसरले, पाणकणीस व लव्हाळे माजले आणि पाखरे आली. रामसर यादीत समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातील पहिले पाणथळ क्षेत्र होय. पक्ष्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. ज्या गाळावर हे सारे उभे आहे, त्याचा विचार त्या मानाने कमी होतो.

वरच्या अंगाला मोठे शहर आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती आहेत. धातूंवर मुलामा देण्याचे काम, रंग, जुन्या बॅटऱ्या, रस्त्यांवरील धूळ यांतून जस्त, निकेल, क्रोमियम, शिसे, कॅडमियम हे जड धातू पाण्यात येऊ शकतात. मैला कुजून नाहीसा होतो, धातू होत नाही. तो मातीच्या बारीक कणांना चिकटून तळाशी बसतो. म्हणून वरचे पाणी निवळ दिसले, तरी गाळ निर्दोष आहे असे मानता येत नाही.

तळाच्या काळ्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथे अनेक धातूंचा गंधकाशी संयोग होऊन न विरघळणारी संयुगे बनतात. पाणकणीस मात्र आपल्या पोकळ उतींतून हवा मुळांपर्यंत नेते. त्यातील थोडा प्राणवायू बाहेर झिरपतो, चिखलातील विरघळलेले लोह गंजते आणि मुळांवर तांबूस कवच चढते. गावतळ्यातील एखादे रोप उपटून शिक्षकांना हे वर्गात दाखविता येईल : मुळे तांबूस, भोवतालचा चिखल काळा. या कवचात इतर धातू अडकतात. पानांपर्यंत त्या मानाने थोडेच पोहोचतात.

परंतु ही कैद कायमची नव्हे. मुळे मेली की कवच विरघळते. तळ सुकून हवा शिरली की गंधकाची संयुगे फुटतात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतील कॅडमियम भातखाचरांत उतरले व त्यातून हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग उद्भवला. १९६८ साली तेथील शासनाने हे कारण मान्य केले. खाचरातील पाणी काढले की कॅडमियम मोकळे होऊन भाताच्या दाण्यात शिरते, हे आता ठाऊक आहे.

२०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. जलाशयाचा गाळ शेताला उपकारक ठरतो, यात शंका नाही. तथापि शहराच्या वा कारखान्यांच्या सांडपाण्याखालील गाळ शेतात पसरण्यापूर्वी ग्रामपंचायतीने तो तपासून घ्यावा. नमुने मुळांजवळील व मोकळ्या तळाचे असे वेगवेगळे घ्यावेत. आपली जमीन बेसाल्टपासून बनलेली असल्याने तीत तांबे, निकेल व क्रोमियम मुळातच अधिक असतात. तेव्हा तुलना परक्या प्रदेशाच्या सरासरीशी न करता शहराच्या वरच्या बाजूस, गंगापूर धरणाकडील गाळाशी करावी. अशा पाण्यातून काढलेली जलपर्णी काठावर कुजत ठेवल्यास तिने शोषलेले धातू पावसाबरोबर पुन्हा नदीतच जातात. तपासणीवाचून तिचे खत करू नये आणि ती गुरांपुढेही टाकू नये.