पंगतीचे गुण
विलायतेत २००५ साली टीव्हीवर एक स्पर्धा सुरू झाली. तिचे नाव ‘कम डाइन विथ मी’, म्हणजे ‘या, माझ्याकडे जेवायला’. तिची रीत अशी. चार-पाच अनोळखी माणसे पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जेवतात. ज्याची पाळी, तो स्वतः रांधतो. मोटारीतून परतताना पाहुणे त्याला दहापैकी गुण देतात. जास्त गुण मिळतील त्याला हजार पौंड बक्षीस.

आपल्याला हसू येते. पाहुण्याने का गुण द्यायचे असतात?

पण आपल्या बीड जिल्ह्यात तरी काय होते? लग्नाची पंगत उठते. लोक म्हणतात, “भाजी पातळ होती. गोड एकच होतं.” हेही गुणच की! या बोलण्याला भिऊन आपण ऐपतीबाहेर पंगत घालतो. मुकादमाकडून उचल घेतो. मग नवरा-बायकोने घर सोडून पाच-सहा महिने ऊस तोडायचा आणि ती फेडायची.

तिथे हरणाऱ्याचे फक्त बक्षीस जाते. इथे जिंकणाराही कर्जात बुडतो.

पाहुण्याला गूळपाणी द्यावे. घरची पिठले-भाकरी मायेने वाढावी. आणि आपण कुणाकडे जेवलो, तर नावे ठेवू नयेत.