सही करण्याआधी

लेक तेव्हा सातवीत होती. सहलीसाठी वर्गात जमा झालेले पैसे मधल्या सुट्टीत नाहीसे झाले. सगळ्यांची दप्तरं उपडी करून झाली, काही सापडलं नाही. मग पाच मुलींना शेजारच्या खोलीत नेलं. त्यांत माझी एक, कारण त्या सुट्टीत ती डबा खायला वर्गातच बसली होती. तिथे स्कर्ट वर करायला लावून कमरेपाशी चाचपलं. पैसे तिच्याकडे नव्हते. ते कुणाकडे गेले, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेतून फोन आला तेव्हा मी कामावर होते. तशीच धावत गेले. मुलीशी एक शब्द न बोलता थेट मुख्याध्यापकांसमोर उभी राहिले आणि म्हणाले, “सर, काही चुकलं असेल तर माफ करा.” समोर कागद सरकवला गेला. पाल्याच्या वर्तनाबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पुन्हा तक्रार आल्यास शाळा घेईल तो निर्णय मान्य राहील, असा मजकूर. मी सही केली. लेक दारात उभी राहून बघत होती.

महिन्याभरात तिचं बाईंशी काहीतरी वाजलं आणि मला निरोप आला, “दाखला घेऊन जा.” मी विचारलं, का? तोच कागद पुढे आला. “तुम्हीच लिहून दिलंय.” मी दाखला घेतला.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये हे कलम बदललं, पण ते नापास करण्यापुरतं. काढून टाकण्यावरची बंदी कायम आहे. कलम १७ मारहाणीला आणि मानसिक छळाला मनाई करतं. वर्गासमोर चोर ठरवणं हा छळ नाही तर काय? हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही शोधलं नव्हतं. पालकसभेत “चुकलं तर दोन ठेवून द्या, बाई” असं हसत म्हणणाऱ्यांत मीही होते. ते बोलणं आता आठवतं तेव्हा शरमेने मान खाली जाते.

म्हणून पोटतिडकीने सांगते. शाळेने बोलावलं की आधी मुलाला बाहेर घेऊन त्याचं पूर्ण ऐका, ऑफिसात नंतर जा. माफीनामा किंवा हमीपत्र पुढे आलं तर “घरी वाचून उद्या देते” एवढंच म्हणा. त्याच संध्याकाळी मुलाच्या शब्दांत सगळं लिहून काढा: वेळ, खोली, कोण हजर होतं. मग मुख्याध्यापकांच्या नावे दोन प्रतींत अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोच नसली तर अर्ज दिलाच नव्हता असं सांगायला कुणालाही वेळ लागत नाही. शाळेने दाद दिली नाही तर गावाकडे गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या वर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. या कायद्याखालच्या लेखी तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. मुलं स्वतःही १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करू शकतात.

दप्तर तपासणं वेगळं आणि अंगाला हात लावणं वेगळं. शाळेत नियम हवेत, दप्तर उघडून दाखव म्हटलं तर मी भांडणार नाही. पण अंगावरच्या कपड्यांपर्यंत गोष्ट गेली की मुलीने “माझ्या आईला बोलवा” म्हणून तिथेच थांबायचं, हे तिला आजच शिकवून ठेवा. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून मासिक पाळीची तपासणी केली गेली. पालक एकत्र येऊन पोलिसांत गेले, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या मुलींनी घरी सांगितलं आणि घरच्यांनी ऐकलं, म्हणून हे झालं. असं काही घडलं तर शाळेच्या चौकशीची वाट बघत बसू नका, पोलीस ठाण्यात जा.

आणि एकटं जाऊ नका. त्या दिवशी खोलीत नेलेल्या उरलेल्या चार मुलींच्या घरी मी गेलेच नाही. लाज वाटली. त्यांतल्या एकीची आई पुढे बाजारात भेटली, म्हणाली, “आम्हीही सही केली होती.”

लेक आता दहावीत आहे, दुसऱ्या शाळेत. मागच्या दिवाळीत तिने विचारलं, “आई, तू तेव्हा मला आधी का नाही विचारलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या मुलांना तुम्ही आधी विचारा.